भिंतीवरचा टीव्ही, मागच्या वायरी आणि न उघडणारं पॅनेल: एका हॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे काम मीच घेतलेलं, मीच अर्धवट बिघडवलेलं आणि आठ महिन्यांनी मीच जाऊन निस्तरलेलं आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पुण्यात बालेवाडीच्या बाजूची सोसायटी, नववा मजला, टू बीएचके. घरात निवृत्त काका-काकू, आणि बंगळुरूची नोकरी सोडून नुकताच परतलेला त्यांचा मुलगा. मुलाबरोबर त्याचा फाइव्ह पॉइंट वन संच आला: २०१७ साली घेतलेला रिसीव्हर (चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारं यंत्र), पाच स्पीकर आणि बैठ्या स्टुलाएवढा सबवूफर, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा स्पीकर. काका-काकूंचा ५५ इंची टीव्ही तोवर जुन्या शोकेसवर आपल्या पायांवर उभा होता. त्याच्यामागे वायरींचा गुंता होता आणि त्यावर काकूंनी विणलेला एक रुमाल टाकून ठेवला होता.

हॉल ११ बाय १७ फुटांचा. टीव्हीची भिंत लांब बाजूची, तिच्या पलीकडे काका-काकूंची बेडरूम. समोर सोफा, बसलेल्या माणसाचे डोळे टीव्हीपासून साधारण साडेनऊ फुटांवर. आखूड बाजूला बाल्कनी, पश्चिमेची. ही पश्चिम लक्षात ठेवा, पुढे तिने आम्हाला दोन आठवडे छळलं.

मागण्या तिघांच्या तीन. काकू म्हणाल्या, "मला एकसुद्धा वायर दिसायला नको. भिंतीवर चित्र टांगल्यासारखा टीव्ही दिसला पाहिजे." मुलाला आवाजात तडजोड नको होती. काका मधेच म्हणाले, "आणि हे सगळं एकदाच करा. दर वर्षी सुतार घरात नको." काकांचं ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

नेमकी अडचण

पहिल्या भेटीत मी वायरी मोजल्या. टीव्हीला वीज, एक एचडीएमआय (चित्र आणि आवाज नेणारी केबल) आणि एक लॅन (इंटरनेटची वायर). रिसीव्हरला वीज, पाच स्पीकरच्या पाच जोड्या, सबवूफरची एक. सेट टॉप बॉक्सला डिशची केबल आणि वीज. फायबरचा डबा आणि राउटर, त्यांचे दोन ठोकळे अडॅप्टर. बिल्डरने या सगळ्यासाठी काय दिलं होतं? जमिनीपासून दीड फुटावर एक बोर्ड: ६ अँपिअरचे दोन सॉकेट, एक टीव्ही पॉइंट, एक इंटरनेटचा पॉइंट. टीव्ही जिथे टांगायचा तिथे काहीच नाही.

विटांची भिंत असती तर प्रश्न अर्ध्या दिवसाचा होता. झिरी मारायची, पाइप टाकायचा, सिमेंटने बुजवायचं, पुट्टी, रंग, झालं. पण ही इमारत मायवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत स्लॅब आणि भिंती एकत्र ओतलेल्या. अशा घरात जवळपास प्रत्येक भिंत सहा इंची काँक्रीटची असते, आत लोखंडी सळयांची जाळी, आणि इमारतीचा भार त्या भिंतींवरच. ओळखायची सोपी खूण सांगतो. एक छोटं भोक पाडून भुकटी बघा. लाल आली तर वीट, पांढरी आणि लोण्यासारखी आली तर हलके ब्लॉक, राखाडी आली आणि ड्रिल किंचाळत राहिलं तर काँक्रीट. इथे राखाडी आली.

माझ्याबरोबरचा इलेक्ट्रिशियन अनुभवी. तो म्हणाला, "साहेब, अर्ध्या इंचाची झिरी, वरून पुट्टी. कुणाला कळतंय?" कुणालाच कळलं नसतं, हेही खरं. पण सळयांवर काँक्रीटचं जे आवरण असतं ते असून असून दोन-तीन सेंटीमीटरचं. झिरी मारताना मशिनचं पातं जरा खोल गेलं की सळई उघडी पडते किंवा कापली जाते. उघडी पडलेली सळई पुढे गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट सोडते. शिवाय सोसायटीच्या कामाच्या परवानगीच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं होतं की आरसीसी, म्हणजे सळयांच्या काँक्रीटच्या भिंतींना झिरी मारायला मनाई आहे. अँकर बोल्टसाठी दहा मिलिमीटरची भोकं चालतील, त्याहून जास्त नाही.

त्या भोकांसाठीही एक सावधगिरी पाळली. मायवानमध्ये विजेचे पाइप ओतकामाच्या वेळीच भिंतीत गाडलेले असतात आणि ते बहुधा बोर्डापासून सरळ उभे वर किंवा खाली जातात. म्हणून बोर्डाच्या उभ्या रेषेत ड्रिल अजिबात लावलं नाही. टीव्हीची जागा त्यासाठी आठ इंच डावीकडे सरकवली. काकूंना ते आवडलं नाही, सोफ्याचा मध्य आणि टीव्हीचा मध्य जुळत नव्हता. शेवटी सोफा सरकवला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त: वायरी झाकणारी प्लास्टिकची केसिंग पट्टी भिंतीवरून आणि तिला भिंतीचाच रंग. काही शेकड्यांत काम होतं, एका दुपारी होतं आणि नको झाल्यावर काढताही येतं. भाड्याच्या घरासाठी मी आजही हेच सुचवतो. काकूंनी नमुन्याचा तुकडा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "हे बँकेत असतं तसं आहे." विषय संपला.

दुसरा पर्याय मुलाने इंटरनेटवर बघून आणला होता. भिंतीच्या पलीकडे बेडरूमचं कपाट आहे, तर भिंतीतून एक आरपार कोअर कट, म्हणजे मशिनने गोल भोक मारायचं आणि सगळी यंत्रं कपाटात ठेवायची. हॉलमध्ये फक्त टीव्ही आणि स्पीकर. दिसायला याच्याइतकं स्वच्छ काहीच नाही. पण दोन इंचांचा कोअर कट म्हणजे पुन्हा सळया, पुन्हा सोसायटी, इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. आणि रिसीव्हर गरम होणार कुठे, तर काकूंच्या पैठण्यांच्या शेजारी. काकूंनी "माझ्या कपाटात तुमचं एक अडॅप्टरसुद्धा येणार नाही" असं सांगून टाकलं. मला मनातून बरंच वाटलं.

तिसरा पर्याय: भिंतीला हात न लावता तिच्यापुढे लाकडी फ्रेम उभी करायची, तिच्यावर प्लाय आणि प्लायवर उभ्या रेषांचं फ्लूटेड पॅनेल. मधल्या पोकळीतून वायरी न्यायच्या, खाली लांबलचक बुटकं युनिट, यंत्रं त्यात. हॉलची रुंदी अडीच-तीन इंचांनी कमी होते, खर्च सगळ्यात जास्त. पण काकूंना तेच हवं होतं, मुलाला जागा मिळत होती, आणि काकांनी मान हलवली.

चौथा एक पर्याय होता जो मी त्यांच्यापुढे ठेवलाच नाही: पूर्ण भिंत न झाकता फक्त टीव्हीपासून युनिटपर्यंत फूटभर रुंदीची उभी पट्टी, उघडता येणारी. खर्च चौथाई. का नाही ठेवला? काकू भिंतभर पॅनेलचे फोटो दाखवत होत्या, आणि मोठं काम मिळत असताना छोटं सुचवायला जीभ वळली नाही, हे कबूल करतो. गंमत अशी की शेवटी मी त्यांना जे करून दिलं त्यातला कामाचा भाग हाच होता.

पहिल्या खेपेचं काम

भिंतीवर दोन बाय दीड इंचाच्या लाकडी पट्ट्या, अँकरने पक्क्या. पोकळी दोन इंचांची. टीव्हीच्या ब्रॅकेटमागे मात्र १८ मिलिमीटरच्या प्लायचा वेगळा तुकडा, आणि बोल्ट त्या प्लायमधून थेट काँक्रीटमध्ये. टीव्हीचं वजन सतरा-अठरा किलोच, पण दाराची धडक, भिंत पुसताना दिलेला जोर, उद्याचं नातवंड, हे सगळं प्लायच्या स्क्रूंवर सोडायचं नव्हतं.

उंचीवर थोडा वाद झाला. आपल्याकडे टीव्ही देवाच्या फोटोच्या उंचीला लावायची पद्धत आहे, आणि मग सगळे माना वर करून बघतात. मी पडद्याचा मध्य जमिनीपासून ४२ इंचांवर धरला, म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेला. भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून टीव्हीएवढा आयत केला, काका-काकूंना बसवून दाखवला. तिथे वाद मिटला.

वीज आणि बाकीच्या वायरी वेगळ्या पाइपांतून नेल्या. विजेसाठी २० मिलिमीटरचा पाइप, एचडीएमआय आणि लॅनसाठी ४० मिलिमीटरचा. टीव्हीमागे नवा सॉकेट. टीव्हीची मूळ कॉर्ड पॅनेलमधून खाली सोडून युनिटमधल्या एक्स्टेंशन बोर्डाला लावायची, असं बरेच जण करतात. बंद पोकळीत मोकळी कॉर्ड नको, म्हणून आम्ही ते केलं नाही. सगळ्या यंत्रांचा मिळून भार सहाशे-सातशे वॅटच्या आत, आणि ६ अँपिअरच्या सर्किटवर साधारण १,३८० वॅटपर्यंत जाता येतं, त्यामुळे नवी लाइन ओढावी लागली नाही.

मागच्या दोन स्पीकरच्या वायरी आधीपासूनच्या पीओपी सीलिंगमधून नेऊन पडद्यामागून खाली सोडल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

युनिटचं एक सांगायला हवं. सुतार टीव्ही युनिट म्हटलं की बारा ते चौदा इंच खोलीचं करतो, त्याचा हात तसाच बसलेला असतो. हा रिसीव्हर तेरा इंच खोल. मागे लागणाऱ्या केबलींची डोकी आणि त्यांचं वळण धरून आणखी तीन-साडेतीन इंच. म्हणजे आतून सतरा इंच तरी हवेत. मी मिस्त्रींना रिसीव्हरच आणून दाखवला, मागे केबल लावून दाखवली. ते हसून म्हणाले, "साब, ये तो फ्रिज जितना गहरा हो गया." पण केलं त्यांनी, आणि बरोबर केलं.

मग तो दिवस आला ज्या दिवशी पॅनेल बंद झालं. मी दुसऱ्या साइटवर होतो. आडवी लाकडी पट्टी आणि ४० मिलिमीटरचा पाइप एकाच जागी येत होते. सुताराने पट्टी कापली नाही, कारण ती फ्रेमचा भाग. त्याने इलेक्ट्रिशियनला पाइप वळवायला सांगितलं. इलेक्ट्रिशियनने पाइपाला दोन काटकोनी एल्बो (पाइप वळवायचे जोड) लावले, एक डावीकडे, एक परत खाली. केबल आधीच पाइपातून ओवलेली असल्यामुळे काही अडलं नाही. वरून प्लाय ठोकला, वर फ्लूटेड पॅनेल चिकटवलं. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा भिंत सुंदर दिसत होती. टीव्ही लावला, आवाज आला, काकूंनी शिरा केला. आत काय झालंय ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

पहिले काही महिने

मार्चमध्ये काम संपलं. एप्रिलमध्ये पहिला फोन. आयपीएलच्या सामन्यात रात्री दहाच्या सुमाराला आवाज बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप येतो. जाऊन बघितलं तर युनिटचं दार बंद, आत हात घातला तर तव्यावरून येते तशी झळ. थर्मामीटरची तार आत सोडून दोन तास सामना बघितला. आत ५२ अंश, बाहेर ३१. रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता.

हा दोष सरळ माझा. मी मागे हवेसाठी दोन गोल भोकं ठेवली होती, पण दोन्ही वरच्या बाजूला. गरम हवा बाहेर पडायला वाट होती, गार हवा आत यायला नव्हती. तळाच्या फळीला पुढच्या बाजूने लांबट फट कापली, आणि वर मागच्या भोकाशी १२० मिलिमीटरचा यूएसबीवर चालणारा पंखा बसवला. सोफ्यावरून त्याचा आवाज ऐकू येत नाही. काकूंनी फट बघून लगेच विचारलं, "म्हणजे झुरळांना आमंत्रण?" त्यांचं बरोबर होतं. उबदार, अंधारी, कुणी न उघडणारी जागा झुरळांना आवडतेच, आणि सेट टॉप बॉक्सच्या आत त्यांनी संसार थाटलेला मी पाहिला आहे. फटीला आतून स्टीलची बारीक जाळी ठोकली. त्यानंतर आतलं तापमान ३८-३९ वर थांबलं.

दुसरी तक्रार रिमोटची. सेट टॉप बॉक्स दाराआड, आणि त्याचा रिमोट इन्फ्रारेडचा. लाकडातून तो किरण जात नाही. काका दार उघडं ठेवून टीव्ही बघायचे आणि पाहुणे आले की लावून घ्यायचे, म्हणजे वायरी लपवण्याचा सगळा खटाटोप पाहुण्यांपुरता. त्यावर उपाय स्वस्त आहे: आयआर रिपीटर. एक छोटा डोळा टीव्हीखाली बाहेर चिकटवायचा, त्याची तार आत, आणि आतल्या टोकाचा दिवा बॉक्सच्या सेन्सरसमोर. लावला, चालला, मी निघालो.

चार दिवसांनी काकांचा फोन: "रिमोट चालतो हो, पण संध्याकाळी साडेपाचला चालत नाही." सकाळी चालतो, रात्री चालतो, साडेपाच ते सव्वासहा नाही. काकूंची मालिका नेमकी तेव्हाच. मी सेल बदलायला सांगितले. मग रिपीटर बदलला. मग बॉक्स तापत असेल असं वाटलं. शेवटी एक दिवस मुद्दाम पाच वाजता जाऊन बसलो. सव्वापाचनंतर बाल्कनीतून ऊन आत आलं, भिंतीवरून सरकत सरकत टीव्हीखाली पोचलं आणि डोळ्यावर पडलं. उन्हातही इन्फ्रारेड असतो, भरपूर असतो. त्या झगमगाटात रिमोटची उघडझाप त्या डोळ्याला दिसतच नव्हती. डोळा तिथून काढून युनिटच्या वरच्या फळीच्या ओठाखाली, सावलीत बसवला. दोन आठवड्यांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला.

दिवाळीत काय झालं

दिवाळीला मुलाने प्लेस्टेशन ५ घेतलं. त्याचा जुना रिसीव्हर फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच पुढे पाठवू शकतो, प्लेस्टेशन आणि टीव्ही दोघांनाही १२० जमतं. म्हणजे प्लेस्टेशनची केबल रिसीव्हरला वळसा घालून थेट टीव्हीला न्यायची, आणि आवाज टीव्हीकडून जुन्याच एचडीएमआय केबलमधून एआरसीने (त्याच केबलमधून आवाज उलट दिशेने पाठवायच्या सोयीने) परत रिसीव्हरकडे. कागदावर सोपं. फक्त युनिटपासून टीव्हीपर्यंत एक नवी केबल हवी, सेकंदाला ४८ गिगाबिट झेपणारी. त्या केबली जाड आणि ताठ असतात.

मी निर्धास्त होतो. ४० मिलिमीटरचा पाइप आहे, आत दोनच केबली आहेत, तिसरी सहज जाईल. केबलचं डोकं पाइपात घातलं. फूटभर आत गेलं आणि थांबलं. फिरवलं, मागे घेतलं, पुन्हा घातलं. वरून प्रयत्न केला, तिथेही थोड्या अंतरावर थांबलं. एचडीएमआयचं डोकं वीसेक मिलिमीटर रुंद आणि प्लास्टिकचा कडक भाग धरून चारेक सेंटीमीटर लांब. सरळ पाइपातून ते धावत जातं. काटकोनी एल्बोत, त्यातही आधीच दोन केबली असताना, ते वळूच शकत नाही. पातळ तार घालून बघितली तेव्हा ती दोन ठिकाणी अडकली आणि आत काय आहे ते मला पहिल्यांदा कळलं. इलेक्ट्रिशियनला फोन लावला. "हो साहेब, त्या दिवशी पट्टी आडवी आली होती ना," तो म्हणाला. इतक्या सहज, की मला रागही येईना.

आता पुन्हा निर्णय. जुनी केबल बाहेर ओढून तिच्या शेपटाला नवी बांधून घ्यायची? जुन्या केबलचं डोकं तरी त्या एल्बोतून कसं निघणार? वायरलेस एचडीएमआय? गेम खेळणाऱ्याला चित्र उशिरा पोचलेलं चालत नाही. मुलाने समजूतदारपणा दाखवला, म्हणाला, "राहू दे दादा, साठवर खेळतो." काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीकडे पाहिलं. मी पॅनेल उघडायचं ठरवलं.

दुसरी खेप

फ्लूटेड पॅनेल प्लायला चिकटवलेलं होतं, त्यामुळे अख्खं काढणं म्हणजे अख्खं फोडणं. पण उभ्या रेषांच्या पॅनेलचा एक फायदा असतो: कापलेली कड खाचेत लपते. टीव्हीच्या खालच्या कडेपासून युनिटच्या माथ्यापर्यंत वीस इंच उंच आणि बारा इंच रुंद तुकडा खाचेच्या रेषेतच कापला. मिस्त्रींनी बारीक पात्याचं मशीन चालवलं, मी व्हॅक्यूमची नळी धरून बसलो. मागचा प्लायही त्याच मापाने कापला. तो वळसा घेतलेला पाइप करवतीने तोडून बाहेर काढला तेव्हा काकांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. अजून तिथेच आहे म्हणे.

ज्या आडव्या पट्टीमुळे रामायण घडलं ती मधून कापली आणि दोन्ही टोकांना वेगळे अँकर मारून आधार दिला. पाइप पुन्हा घातलाच नाही. तीन इंच रुंदीची सरळ उघडी वाट ठेवली, वायरी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी हलक्या बांधल्या. विजेचा पाइप आधीपासून बाजूला होता, तो तसाच राहू दिला. नवी केबल टाकली. शिवाय एक रिकामी नायलॉनची दोरी वरपासून खालपर्यंत सोडून ठेवली, पुढच्या वेळी जे ओढायचं असेल त्यासाठी. कापलेला तुकडा मागे फ्रेम लावून चार मॅग्नेट कॅचरवर बसवला.

मग काकूंची परीक्षा. त्या दिवाणखान्यात आल्या, चष्मा लावला, बोट फिरवलं. तिसऱ्या खाचेवर बोट थांबलं. "इथे आहे." आम्ही सगळे गप्प. मग म्हणाल्या, "पण मला माहीत होतं म्हणून. नाहीतर नाही दिसत."

हिशेब. दुसऱ्या खेपेचा खर्च साडेनऊ हजार आला. मजुरी मी सोसली, साहित्याचे आणि केबलचे पैसे काकांनी दिले. तेही मी घेणार नव्हतो, पण ते म्हणाले, "केबल तर आम्हालाच हवी होती." हाच उघडता येणारा तुकडा मार्चमध्ये केला असता तर वरचा खर्च हजार-बाराशेच्या पलीकडे गेला नसता.

कुठे वेगळं करता आलं असतं

पॅनेल बंद होण्याच्या दिवशी मी तिथे असायला हवं होतं. ते शक्य नव्हतं तर निदान बंद करायच्या आधी फोटो मागवायला हवा होता. आता मी प्लाय ठोकायच्या आधी टेप लावून फोटो घेतो आणि ते घरमालकाच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. त्यांच्याकडे ते माझ्याकडच्यापेक्षा जास्त दिवस टिकतात.

पाइपात केबल आधी ओवून मग पाइप बसवायचा, ही आमच्या कामातली वाईट सवय आहे. वेळ वाचतो, पण पाइपातून काही जातं की नाही याची परीक्षाच होत नाही. पाइप आधी रिकामा बसवून त्यातून सगळ्यात मोठं डोकं एकदा ओढून बघितलं असतं तर एल्बो त्याच दिवशी सापडले असते. आणि वळण लागलंच तर एका काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं, मधे थोडं अंतर सोडून.

मी सुरुवातीला विचारलं होतं, "काय काय लपवायचंय?" पुढच्या चार-पाच वर्षांत काय येणार आहे, हे विचारलं नाही. मुलगा तेव्हाच म्हणाला असता की गेमिंगचं मनात आहे. काका तर सांगत होतेच, सुतार पुन्हा नको म्हणून. मी त्याचा अर्थ 'पक्कं करा' असा घेतला. त्यांना हवं होतं ते नेमकं उलटं होतं.

उष्णतेची चाचणीही मी दार उघडं ठेवून, अर्धा तास गाणी लावून घेतली होती. दार बंद करून, मोठ्या आवाजात, दोन तास घ्यायला हवी होती, आणि तीही उन्हाळ्याच्या हिशेबाने.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा तशीच करेन. भिंतीला झिरी मारायला नाही म्हटलं, त्याबद्दल आजही दुमत नाही. इलेक्ट्रिशियन अजून मला त्यावरून चिडवतो.

आणि एक सुटलेलंच नाही. सबवूफर कोपऱ्यात चांगला वाजतो म्हणून मुलाने तो कोपऱ्यात ठेवला, आणि त्याची वायर शेवटचे चार फूट उघडीच आहे. काकूंनी तिच्यापुढे मनी प्लांटची कुंडी ठेवली आहे.

त्यानंतरचा गणपती

पुढच्या भाद्रपदात काकांचा फोन. युनिटच्या माथ्यावर मखर, पुढे झिरमिळ्यांचा पडदा, समया, फळांचं ताट. दुसऱ्या दिवशी सेट टॉप बॉक्स अडकला. वीज बंद करून चालू करायचा, एवढंच होतं, पण बटण युनिटच्या आत आणि युनिटचं दार मखराच्या पडद्यामागे. "आता बाप्पांना कसं हलवू?" काकांनी विचारलं. मी त्यांना दारामागच्या डीबीमधला, म्हणजे घराच्या मुख्य वीज-पेटीतला 'हॉल' लिहिलेला एमसीबी (त्या खोलीची वीज तोडणारा खटका) खाली पाडून वर करायला सांगितलं. बॉक्स सुरू झाला, मात्र तेवढा वेळ मखरातल्या दिव्यांची माळही विझली आणि काकूंनी ते बोलून दाखवलं.

विसर्जनानंतरच्या रविवारी जाऊन युनिटच्या बाजूला, बाहेरून हात पोचेल असं सगळ्या यंत्रांचं एक बटण बसवून आलो. बोर्डाची पांढरी प्लेट काकूंना दिसते. अजून तरी त्यांनी तिच्यापुढे कुंडी ठेवलेली नाही.